भाजेल जरा

मरण या शब्दाला आपल्या लोकांत जेवढा मान आहे, तेवढा जित्या माणसाला नाही. दिवा विझला म्हणायचं नाही, शांत झाला म्हणायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. तंजावरहून मद्रासला येऊन राहिलेल्या मराठी घरांत हे जेवढं पाळतात, तेवढंच शेजारच्या तमिळ घरांत. भाषा दोन, भीती एक. ही भीती तांबरमच्या पुढच्या एका रबराच्या कारखान्यात रोज सकाळी कापूर पेटवून वाफेच्या हंड्यासमोर उभी राहायची. मी सांगतोय ती गोष्ट १९८९ सालची आहे.

हंडा म्हणजे लोखंडाचं आडवं पिंप, आत सिटी बस मावेल एवढं. कच्च्या रबराच्या नळ्या ट्रॉलीवर रचून आत ढकलायच्या, गोल दार फिरवून बंद करायचं, वाफ सोडायची. नळ्या शिजल्या की वाफ बाहेर काढायची आणि काटा शून्यावर आला की दार उघडायचं. आत वाफ असेपर्यंत दार फिरू नये म्हणून एक खिट्टी होती. ती झिजून निकामी झालेली, तारेनं बाजूला बांधून ठेवलेली. वाफ बाहेर जायच्या पाइपाचं तोंड रबराच्या चुऱ्यानं आतून तुंबायचं. काटाही त्याच पाइपावर बसवलेला, त्यामुळं पाइप तुंबला की काटा शून्य दाखवायचा आणि हंड्याच्या पोटात वाफ तशीच. म्हणून ऑपरेटर रंगा राव दार उघडण्याआधी पान्यानं हंड्यावर टकटक करायचा, कान लावायचा, आणि मान डोलवली की बाकीचे पुढं यायचे. हंड्याला सगळे सासरेबुवा म्हणायचे.

"काय रे रंगा, सासरेबुवा काय म्हणतात?"

"झोपलेत."

"उठवू नको बाबा."

एवढ्यावर सगळं चाललं होतं.

त्या सुमारास कायदा कडक झाला होता. कारखान्यातले धोके शोधा, मोजा, त्यांचा क्रम लावा. हे काम सेतुमाधव रावकडं आलं. सेतुमाधव सेफ्टी ऑफिसर, आणि रंगाचा मेहुणा. त्याची धाकटी बहीण कृष्णवेणी रंगाला दिलेली. प्रत्येक खात्यात जायचं, कोणत्या यंत्रापासून जास्तीत जास्त काय होईल ते विचारायचं, आणि चार चौकटींपैकी एकीत खूण करायची. किरकोळ जखम, दवाखाना, अवयव जाणे, मृत्यू. खाली खात्यातल्या माणसाची सही, फोरमनची नाहीतर ऑपरेटरची. वरची तीन कामं यंदा होणार, बाकीची पुढं कधीतरी. आणि एक नियम: ज्याच्यापुढं मृत्यू येईल ते यंत्र दुरुस्त होईपर्यंत बंद.

हंड्याच्या खात्याचे फोरमन नारायणस्वामी. कपाळावर विभूती, खिशात तपकिरीची डबी, निवृत्तीला टेकलेले. सेतुमाधवनं विचारलं, "या हंड्यापासून जास्तीत जास्त काय होईल?"

नारायणस्वामींनी आधी हंड्याकडं पाहिलं. मग सेतुमाधवचा दंड धरून त्याला लांब, पाण्याच्या नळापाशी नेलं.

"राव सार, त्याच्यासमोर नको."

"कुणासमोर?"

"त्याच्या."

"लोखंड आहे ते."

"तुमची स्कूटर पण लोखंडच आहे. मग आयुधपूजेला तिच्या चाकाखाली लिंबू का ठेवता?"

आजूबाजूची माणसं हसली. रंगाही हसला.

"बरं, इथं सांगा. काय होईल?"

"भाजेल जरा."

"जरा म्हणजे?"

"जरा म्हणजे जरा. मलम लावायचं."

"खिट्टी बांधून ठेवलीय. पाइप तुंबतो. आत वाफ असताना दार सुटलं तर?"

"शिव शिव. सकाळी सकाळी काय बोलता."

"मग दुपारी येऊ?"

"दुपारी राहुकाळ."

पुन्हा हशा. सेतुमाधवनं सरळ मृत्यूच्या चौकटीत खूण केली आणि कागद पुढं केला. नारायणस्वामींनी हात मागं घेतले.

"सार, ही माझी माणसं आहेत. रोज या दारासमोर उभी राहतात. त्यांच्या डोक्यावर मी माझ्या हातानं हे लिहून देऊ? उद्या काही झालं तर लोक म्हणतील, स्वामींनी लिहिलं म्हणून झालं."

"नाही लिहिलं तर होणार नाही?"

"आजवर झालंय का?"

म्हातारा हे प्रेमानं बोलत होता. पंचाईत तिथंच होती. हरामखोर असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

सेतुमाधव बिनसहीचा कागद घेऊन मॅनेजरकडं गेला. या साहेबाला शकुन-अपशकुन काही नव्हता. इंग्रजी शिकलेला, देवाला हात न जोडणारा. पण कामगारांची भीती त्याच्या फार सोयीची होती. हंडा बंद म्हणजे नळ्या बंद, नळ्या बंद म्हणजे माल बंद.

"मिस्टर राव, तुमचं मत मला नकोय. खात्याचं म्हणणं आणा. फोरमन नाही तर ऑपरेटर. सही आणलीत तर आजच बंद करतो."

सही मिळणार नाही, हे साहेबाला ठाऊक होतं.

रविवारी सेतुमाधव कागद घरी घेऊन आला. कृष्णवेणी सातव्या महिन्यात होती आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेली. येत्या शुक्रवारी तिला बांगड्या भरायच्या होत्या. तमिळ लोकांचं हे वळैकाप्पू आपल्या तंजावरी घरांतही कधीचं शिरलेलं. पोटुशी बाईचे दोन्ही हात काचेच्या बांगड्यांनी भरायचे, पोटातल्या बाळानं तो आवाज ऐकायचा. आई, अन्नपूर्णाबाई, टी. नगरहून हिरव्या-तांबड्या बांगड्यांचे जुडगे घेऊन आली होती आणि जमिनीवर पसरून वेगळे करत होती. रंगा दारातल्या पायरीवर बसला होता. बायको गरोदर असताना नवऱ्यानं दाढी करायची नाही, नारळ फोडायचा नाही, तिरडीला खांदा द्यायचा नाही. रंगाची दाढी छातीकडं निघाली होती.

"काय स्वामीजी," सेतुमाधव त्याच्या शेजारी बसला. "मठ कुठं काढलात?"

"तुमच्या बहिणीच्या पायाशी."

"माप्पिळ्ळे, एक सही पाहिजे." जावयाला सगळं घर या तमिळ शब्दानंच हाक मारायचं.

रंगानं कागद वाचला. खूण कुठं केलीय ते पाहिलं.

"अण्णा, याच्यावर माझं नाव?"

"ऑपरेटर म्हणून."

"हंड्यावर ऑपरेटर मी एकटाच आहे."

"म्हणून तर."

रंगानं कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा केली. सेतुमाधवनं आवाज खाली आणला. "खरं सांग. कान कधी फसलाय?"

"एकदा. दार जरासं फिरलं आणि वाफेनं टोपी उडवून नेली."

"कुणाला सांगितलंस?"

"नारायणस्वामींना."

"मग?"

"त्यांनी नारळ फोडला."

अन्नपूर्णाबाईचं लक्ष इकडंच होतं. "काय बोलालास रे सेतू? कसला कागद तो?"

"कारखान्याचा, आई."

"वाच मोठ्यानं."

वाचता येणार नव्हतं. रंगानं कागद पालथा धरला, त्यावरूनच ती समजली. हातातला जुडगा खाली ठेवून उठली. "लाज नाही वाटत? पोटुशी पोरगी आत निजलीय, आणि तू तिच्या नवऱ्याकडून मरणावर सही घेतोस? तुझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याकडून?"

"आई, सही केली की हंडा बंद होणार आहे. तो वाचावा म्हणून..."

"असल्या सहीनं कुणी वाचत नाही."

कृष्णवेणी भिंतीला धरत बाहेर आली. "काय झालं?"

"काही नाही," तिघंही एकदम बोलली.

"काहीच नाही तर एवढा आवाज कशाला? पोट दिसायला लागल्यापासून माझ्याशी कुणी खरं बोलतच नाही. मी काय लहान बाळ आहे, की बाळ पोटात आहे?"

रंगा हसला आणि कागद खिशात घातला. "बांगड्या होऊ देत, अण्णा. त्यानंतरच्या सोमवारी करतो सही. हंडा कुठं पळून जातोय."

समोर बांगड्या पसरल्या होत्या, आई डोळे पुसत होती, बहीण पोटावर हात ठेवून उभी होती. शिकलेला माणूस अशा वेळी जे करतो तेच त्यानं केलं. गप्प बसला.

साहेब थांबला नाही. बुधवारी त्यानं नारायणस्वामींना बोलावून नव्या कागदावर सही घेतली. हंडा: भाजणे, किरकोळ. यादीत तो अगदी तळाला गेला. सगळ्यात वर काय आलं? कँटीनची पायरी. तिच्यावरून मागच्या महिन्यात साहेबाचाच पाय मुरगळला होता. तिच्याखाली फाटकावरचे दिवे, आणि मग गोदामाच्या रस्त्यातला खड्डा. सोमवारी रंगाची सही आली की यादी बदलून घेऊ, असं सेतुमाधवनं मनाशी धरलं.

शुक्रवारी बांगड्या भरल्या. आल्यागेल्या बायकांनी कृष्णवेणीचे हात मनगटापासून कोपरापर्यंत भरले. रंगा रजा काढून लांबून बघत होता. तिनं हात हलवला की किणकिणायचं, आणि तो मान डोलवायचा, हंड्याला कान लावून डोलवायचा तशी. बायकांनी त्याची थट्टा केली.

शनिवारी सकाळी सेतुमाधव कँटीनच्या पायरीपाशी उभा होता. गवंडी सिमेंट थापत होता. यादीतलं पहिलं काम. तेव्हा आवाज झाला.

हंड्याचं दार शेडची भिंत फोडून बाहेरच्या शेतात जाऊन पडलं होतं. शेडभर वाफ. माणसं बाहेर पळत होती. रंगाची ओळख पटली ती दाढीवरून. याच्याहून जास्त लिहीत नाही. कुणाची भीड आहे म्हणून नाही. तिथं लिहिण्यासारखं फार काही उरलंच नव्हतं.

नारायणस्वामी जमिनीवर बसून होते, पाय पसरून, लहान मुलासारखे. सेतुमाधवला बघून म्हणाले, "शांत झाला, सार. रंगा शांत झाला."

घरी काय सांगायचं? पोटुशी बाईला असलं सांगत नाहीत. तिनं प्रेत बघायचं नाही. बायकामाणसांनी बसून ठरवलं आणि अन्नपूर्णाबाईनं लेकीला सांगितलं, "भाजलंय जरा. दवाखान्यात आहेत. तुला तिथं सोडत नाहीत, संसर्ग होतो म्हणे."

कृष्णवेणीनं हट्ट केला नाही. उठली आणि रसम-भात केला, पचायला हलका म्हणून. डबा भरून भावाच्या हातात दिला. इकडं स्मशानात रंगाला अग्नी दिला होता आणि सेतुमाधव तो डबा घेऊन तांबरम स्टेशनबाहेर एका कडुनिंबाखाली बसला होता. भात अजून गरम होता. त्यानं तो कुत्र्यांना घातला, नळावर डबा घासला आणि घरी नेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा. पुन्हा कुत्री.

त्या संध्याकाळी कृष्णवेणीनं रिकामा डबा उघडून नाकाशी धरला.

"हा कुणी धुतला?"

"त्यानंच असेल," सेतुमाधव म्हणाला.

"लग्न झाल्यापासून त्यांनी एकदाही डबा धुतलेला नाही, अण्णा."

ती उत्तर यायची वाट बघत उभी राहिली. उत्तर आलं नाही, आणि तिला कळलं.

दहाव्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या बायका आल्या. भरलेले हात पुन्हा रिकामे केले. अन्नपूर्णाबाई रडत रडत कुणाला तरी सांगत होती, "पोरीच्या बांगड्या वाढवल्या गे."

"फोडल्या म्हण, आई," कृष्णवेणी म्हणाली.

"असं बोलू नये, बाळ."

"दगडानं फोडल्या. ते मेले म्हणून फोडल्या. भाजले नाहीत जरा. मेले."

आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

चौकशी झाली. सरकारी माणूस आला. साहेबानं कागद पुढं केला: खात्यानंच किरकोळ म्हणून सांगितलंय, ही फोरमनची सही. साहेब सुटला. नारायणस्वामींनी काही बचाव केला नाही. मुदतीआधीच नोकरी सोडून गावी गेले आणि कुणाला पत्र घातलं नाही. सेतुमाधवनं मात्र जे घडलं ते सगळं सांगितलं, आईचं, बांगड्यांचं, सोमवारचं. सरकारी माणसानं मान हलवली आणि त्यातलं काही लिहून घेतलं नाही. त्याच्या कागदावर बांगड्यांसाठी चौकट नव्हती.

कृष्णवेणीला मुलगी झाली. मुलगी जरा बसती झाल्यावर कंपनीनं मेलेल्याच्या बायकोला द्यायची ती नोकरी तिला दिली. सेतुमाधवच्याच खोलीत टायपिस्ट. पोर आजीजवळ सोडून ती सकाळी भावाच्या स्कूटरवरून यायची.

पुढच्या वर्षी क्रम लावायची वेळ आली. या वेळी सगळ्या खात्यांना कँटीनमध्ये एकत्र बोलावलं होतं. पायरी चांगली गुळगुळीत झाली होती. माणसं बाकांवर बसली. टाइपरायटरमागं रंगाची बायको बसलेली बघून सगळ्यांचे आवाज खाली आले. आधीच मरणाचं नाव घ्यायचं नाही, त्यात विधवेसमोर तर नाहीच.

"रबर मळायचं यंत्र," सेतुमाधव म्हणाला. दोन जाडजूड रूळ एकमेकांकडं फिरायचे आणि मधून रबर जायचं. "यात जास्तीत जास्त काय होईल?"

"बोट चेपेल जरा," कुणीतरी म्हणालं.

कृष्णवेणीनं टाइप केलं नाही.

"त्या यंत्रावर कोण असतं?" तिनं विचारलं.

बाकावर बसलेल्या एळुमलैनं अर्धा हात वर केला. दणकट, हसरा माणूस. रंगाच्या टोपीची गोष्ट मजेनं सांगायचा.

"एळुमलै, रबर रुळांत ढकलताना तुमचा हातमोजा अडकला, तर यंत्र कोण बंद करणार? बटण कुठं आहे?"

"मागच्या भिंतीवर."

"तुमचा हात तिथवर पोचतो?"

"नाही, अम्मा."

"मग बोट जाईल. बोटामागं मनगट, मग कोपर, मग खांदा, मग डोकं. तुम्ही मराल. एळुमलै त्या यंत्रात मरेल. अण्णा, हे लिहायचं."

एळुमलै उठून उभा राहिला. "अम्मा, माझं नाव घेऊन बोललात. माझी बायको पोरं आहेत."

"माझीही आहे एक. म्हणूनच नाव घेऊन बोलले."

"जीभ काळी आहे तिची," मागून कुणीतरी म्हणालं. "हिला इथं कुणी बसवलं?"

"हंड्याच्या वेळी माझी जीभ घरात होती," कृष्णवेणी म्हणाली. "तेव्हा सगळे गोडच बोलला होतात. सही करा."

एळुमलैनं सही केली नाही. पेन टेबलावर टाकून निघून गेला. पण त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या ऑपरेटरनं, जो रोज त्याच्या पाठीशी उभा असायचा, पेन उचललं आणि मान वर न करता सही केली. कायद्याला एक सही पुरते. यंत्र बंद झालं. साहेबानं आदळआपट केली. शेवटी ऑपरेटरच्या पोटासमोर एक आडवा दांडा बसवला गेला. दांड्याला धक्का लागला की रूळ थांबायचे.

दुसऱ्या दिवशी एळुमलैची बायको कारखान्याच्या फाटकाशी आली. मुठीत मीठ-मिरच्या घेऊन नवऱ्यावरून ओवाळल्या आणि कृष्णवेणीच्या खिडकीच्या दिशेनं थुंकली. त्यानंतर कँटीनमध्ये कृष्णवेणीच्या बाकावर कुणी बसेना. सकाळी कामाला जाताना ती समोर आली तर माणसं थांबायची, दोन पावलं मागं जायची आणि पुन्हा निघायची. सेतुमाधवनं एकदा विचारलं, "दुसऱ्या ऑफिसात बदली मागू का तुझी?"

"तिथं यंत्रं आहेत?"

"नाहीत."

"मग कशाला?"

घरीही फार निराळं नव्हतं. अन्नपूर्णाबाई तिच्या हातून देवाजवळचा दिवा लावून घेत नसे. पोरीला झोपवताना लेकीला खोलीबाहेर बसवायची. काय बोलेल आणि काय नाही, नेम नव्हता. मायेचीच बाई ती. रात्री लेकीच्या ताटात तुपाची धार जरा जास्तच धरायची.

पुढं तमिळ तै महिन्यात, संक्रांतीनंतर, एळुमलैच्या बहिणीचं लग्न ठरलं. हळदीची बोटं लावलेल्या पत्रिका घेऊन तो ऑफिसात आला. दोन्ही हातांनी गठ्ठा छातीशी धरलेला. साहेबाला दिली, सेतुमाधवला दिली, शिपायाला दिली. कृष्णवेणीच्या टेबलापाशी आला तेव्हा त्याची पावलं अडली. तो तिच्याकडं बघत होता आणि ती त्याच्या हातांकडं बघत होती. मग तो पुढं गेला.

सेतुमाधवनं आपली पत्रिका कागदांखाली सारली. कृष्णवेणीनं टाइपरायटरात नवा कागद चढवला, बाजू सरळ केल्या.

"बॉयलर," ती म्हणाली. "तिथं कोण असतं, अण्णा? नाव सांग."